गुन्हेगार सापडल्यानंतरचा ब्योमकेश

२०१५ या एकाच वर्षात ब्योमकेश बक्षी चार चित्रपटांतून पडद्यावर आला आणि चारही वेळा त्याचा चेहरा निराळा होता. शैबाल मित्र यांच्या ‘शजारुर कांटा’मध्ये धृतिमान चटर्जी, दिबाकर बॅनर्जी यांच्या हिंदी चित्रपटात सुशांतसिंह राजपूत, अंजन दत्त यांच्या चित्रपटात जिशू सेनगुप्ता आणि अरिंदम शील यांच्या ‘हर हर ब्योमकेश’मध्ये आबीर चटर्जी. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रेक्षकांच्या मनात मात्र ब्योमकेश म्हणजे दूरदर्शनवरचा रजित कपूर. एकाच लेखकाच्या एकाच गुप्तहेराची इतकी रूपे कशी तयार होतात आणि त्यांची तुलना कोणत्या मापाने करावी, हे समजून घेण्यासारखे आहे.

‘खरा ब्योमकेश कोण’ या वादात सहसा चेहरा, धोतराची घडी, सिगारेट धरण्याची लकब यांची चर्चा होते. ती मनोरंजक असते, पण फार दूर नेत नाही. नटाची निवड हा रूपांतरातला एक निर्णय झाला. त्याच्या आधी आणि नंतर दिग्दर्शकाला आणखी बरेच निर्णय घ्यावे लागतात आणि पडद्यावरचा माणूस त्या सगळ्यांतून घडतो. ते निर्णय कळण्यासाठी आधी पुस्तकातला ब्योमकेश नीट पाहायला हवा.

ब्योमकेशचे निर्माते शरदिंदू बंदोपाध्याय यांचा जन्म १८९९ सालचा. ब्योमकेशच्या पहिल्या कथा त्यांनी १९३२ मध्ये लिहिल्या. पहिल्या टप्प्यात दहा कथा झाल्या आणि मग सुमारे पंधरा वर्षे ब्योमकेश गप्प राहिला. त्याचे कारण मुंबईत होते. १९३८ मध्ये शरदिंदू ‘बॉम्बे टॉकीज’साठी पटकथा लिहायला मुंबईत आले आणि चित्रपटसृष्टीत रमले. १९५२ च्या सुमारास ते काम सोडून ते पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या बहुतेक कथा त्यांच्या पुण्यातल्या वास्तव्यात लिहिल्या गेल्या.

महाराष्ट्राशी असलेले हे नाते केवळ पत्त्यापुरते नाही. ‘शैल रहस्य’ या कथेत ब्योमकेश महाबळेश्वरच्या एका हॉटेलात उतरतो आणि तिथून आपला मित्र अजित याला पत्र लिहितो. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या साहसकथाही शरदिंदूंनी बंगाली किशोरांसाठी लिहिल्या. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ब्योमकेशच्या बत्तीस कथा पूर्ण होत्या आणि ‘विशुपाल वध’ ही तेहतिसावी अर्धवट राहिली होती. म्हणजे कलकत्त्याच्या या गुप्तहेराचे अर्धे आयुष्य महाराष्ट्रात लिहिले गेले आहे.

इंग्रजी गुप्तहेरकथेचा प्रभाव शरदिंदूंवर होता, तो त्यांनी लपवलाही नाही. ब्योमकेशचा मित्र अजित हा लेखक आहे आणि सुरुवातीच्या कथा तोच सांगतो. शेरलॉक होम्सच्या कथा डॉक्टर वॉटसन सांगतो, तशाच. पण दोन बाबतींत शरदिंदू वेगळ्या वाटेने गेले. होम्स वर्षानुवर्षे जवळपास तसाच राहतो. ब्योमकेशचे वय वाढते. ‘सत्यान्वेषी’ कथेत तो तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण आहे. पुढे तो लग्न करतो, त्याला मुलगा होतो, केस पिकतात, घर बदलते.

दुसरा फरक त्याच्या घराचा. ‘अर्थमनर्थम्’ या कथेत एका खुनाच्या तपासात त्याची सत्यवतीशी भेट होते. संशय तिच्या भावावर असतो. तपास संपतो आणि पुढे सत्यवती ब्योमकेशची पत्नी होते. त्यानंतर हॅरिसन रोडवरच्या घरात ब्योमकेश, सत्यवती, अविवाहित अजित आणि नोकर पुंटिराम असा संसार चालतो. चहा, वर्तमानपत्र, नवरा-बायकोचे लटके भांडण आणि त्यात अजितची मध्यस्थी, अशा वातावरणात खुनाची बातमी येते. इंग्रजी परंपरेतला गुप्तहेर बहुधा एकटा, विक्षिप्त आणि समाजाच्या कडेला उभा असतो. ब्योमकेश मध्यमवर्गीय गृहस्थ आहे.

त्याच्या कथांमागे काळही ठळकपणे उभा आहे. ‘आदिम रिपु’ ही १९४६ च्या दंगलींनी होरपळलेल्या कलकत्त्यात घडते आणि तिच्या मुळाशी काळ्या बाजारातला पैसा आहे. ‘अमृतेर मृत्यु’मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मागे उरलेल्या हत्यारांचा चोरटा साठा आहे. शरदिंदूंच्या खुनांची कारणे हवेतून येत नाहीत. वारसाहक्क, जमीन, व्यसन, फाळणी, टंचाई अशा ओळखीच्या गोष्टींतून ती येतात.

आणखी एक वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही. त्याच्या दारावरच्या पाटीवर ‘सत्यान्वेषी’ असे लिहिलेले असते. पोलिसांशी त्याचे सहकार्य आहे, पण तो सरकारचा नोकर नाही. त्यामुळे सत्य सापडल्यावर त्याचे काय करायचे, हा प्रश्न त्याला दर वेळी स्वतः सोडवावा लागतो. ‘सीमंत हीरा’मध्ये चोरी घरातल्याच माणसाने केलेली असते आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जातच नाही. ‘आदिम रिपु’मध्ये खुनी कोण हे कळूनही ब्योमकेश त्याला पोलिसांच्या हवाली करत नाही. ‘अचिन पाखी’मध्ये एक निवृत्त पोलिस अधिकारी जुन्या, न उलगडलेल्या खुनाची हकिगत सांगतो, ब्योमकेशला ती उलगडते, पण खटला उभा राहत नाही.

म्हणजे या कथांत दोन कोडी असतात. खून कोणी केला, हे पहिले. ते कळल्यावर न्याय म्हणजे काय, हे दुसरे. पहिल्याचे उत्तर बुद्धीने मिळते. दुसऱ्यासाठी माणसाला आपला अनुभव, करुणा आणि जबाबदारी पणाला लावावी लागते. ही दोन्ही कोडी पडद्यावर नेणे किती अवघड आहे, ते आता पाहू.

पहिली अडचण निवेदकाची आहे. कथेत अजित जे पाहतो तेवढेच वाचकाला दिसते. ब्योमकेशच्या डोक्यात काय चालले आहे हे अजितला माहीत नसते, म्हणून वाचकालाही नसते आणि यात फसवणूक वाटत नाही. एखादा महत्त्वाचा पुरावा अजित एका वाक्यात सांगतो, पुढच्या वाक्यात दुसऱ्या विषयाकडे वळतो आणि वाचक तो पुरावा विसरतो. भाषेला ही सोय आहे, कारण लेखक सांगेल तेवढेच वाचकाला दिसते.

कॅमेऱ्याला अशी सोय नाही. चौकटीत जे आहे ते सगळे एकदम दिसते. टेबलावरच्या दौतीचा क्लोज-अप, म्हणजे अगदी जवळून घेतलेले चित्र दाखवले, तर प्रेक्षक लगेच सावध होतो. तो दाखवला नाही तर शेवटी प्रेक्षकाला वाटते की आपल्यापासून माहिती लपवली. व्हॉइस-ओव्हर, म्हणजे पडद्यामागून येणारा निवेदकाचा आवाज, वापरून अजितला परत आणता येते. पण आवाज अजितचा असला तरी डोळे कॅमेऱ्याचेच राहतात. पात्रनिवडही रहस्य फोडू शकते. एखादा नामवंत नट लहानशा भूमिकेत दिसला की गुन्हेगार कोण असेल, याचा अंदाज प्रेक्षक बांधू लागतो.

शरदिंदूंनी उत्तरार्धातल्या कथांत अजितचे निवेदन सोडून तृतीय पुरुषी निवेदन स्वीकारले. चित्रपटसृष्टीत इतकी वर्षे काढलेल्या लेखकाने हा बदल करावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. या कथांत अजितच्या अनुपस्थितीतले प्रसंगही लेखक थेट दाखवू शकतो. पटकथेच्या रीतीला हे बरेच जवळचे आहे. तरीही रूपांतरे करणाऱ्यांचा ओढा अजित असलेल्या कथांकडे राहिला, कारण त्या दोघांची मैत्री प्रेक्षकाला हवी असते.

दुसरी अडचण शेवटच्या स्पष्टीकरणाची. पारंपरिक रहस्यकथेच्या अखेरीस गुप्तहेर सगळ्यांना बसवून गुन्हा कसा घडला ते सांगतो. पुस्तकात ही पाने वाचक अधाशासारखी वाचतो. पडद्यावर मात्र एक माणूस बराच वेळ बोलतो आहे आणि बाकीचे ऐकत आहेत, असे ठप्प दृश्य तयार होते. दिग्दर्शक फ्लॅशबॅक, म्हणजे आधी घडलेल्या घटनेचे दृश्य, मध्ये घालून त्यात हालचाल आणतात. पण तसे केले की स्पष्टीकरण ऐकणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवरून कॅमेरा हटतो, आणि ब्योमकेशच्या कथांत दुसरे कोडे तर त्या चेहऱ्यांवरच असते.

या अडचणीशी झगडलेला पहिला मोठा दिग्दर्शक म्हणजे सत्यजित राय. १९६७ च्या ‘चिडियाखाना’मध्ये त्यांनी उत्तमकुमार यांना ब्योमकेश केले. बंगाली प्रेक्षकांचा सर्वांत लाडका नायक आणि जगभर नावाजलेला दिग्दर्शक असा हा योग होता. पंधराव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राय यांना दिग्दर्शनासाठी गौरवण्यात आले. उत्तमकुमार यांना ‘अँटनी फिरिंगी’ आणि ‘चिडियाखाना’ या दोन चित्रपटांसाठी अभिनयाचा पुरस्कार मिळाला.

राय यांनी मूळ ब्योमकेशमध्ये बरेच बदल केले. पडद्यावरचा ब्योमकेश चष्मा लावतो, घरात साप पाळतो आणि वेषांतर करून तपासाला जातो. त्याच्या घरात सत्यवती नाही. या बदलांमागचा विचार समजण्याजोगा आहे. कॅमेऱ्याला पकडायला काहीतरी दृश्य हवे असते आणि विचार करणारा माणूस नुसता बसलेला दाखवता येत नाही. पण त्यामुळे शरदिंदूंचा गृहस्थ पुन्हा इंग्रजी परंपरेतल्या विक्षिप्त, एकट्या गुप्तहेराकडे झुकला. उत्तमकुमारांची वलयांकित प्रतिमाही त्याला साधा माणूस होऊ देत नाही.

राय स्वतः या चित्रपटाबद्दल समाधानी नव्हते. खुनी कोण, या प्रश्नावर उभारलेली कथा चित्रपटाला मानवत नाही, कारण अखेरचे लांबलचक स्पष्टीकरण चित्रपटाला अचल करते, असे त्यांचे मत होते. पुढे ते ब्योमकेशकडे वळले नाहीत. आपणच निर्माण केलेल्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथेवर १९७४ मध्ये त्यांनी ‘सोनार केल्ला’ केला, तेव्हा खलनायक कोण हे प्रेक्षकाला लवकर कळू दिले आणि उत्कंठा पाठलागावर उभी केली. अडचण त्यांनी अचूक ओळखली होती. तिच्यावरचा त्यांचा उपाय मात्र ब्योमकेशच्या उपयोगाचा नव्हता.

वेगळा उपाय सापडला तो दूरचित्रवाणीवर. १९९३ मध्ये बासू चटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्षी’ ही हिंदी मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि १९९७ मध्ये तिचे दुसरे पर्व आले. एकूण चौतीस भाग झाले. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित आणि आपल्या सुकन्या कुलकर्णी सत्यवती. ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’ करणाऱ्या बासूदांना मध्यमवर्गीय घरातले संथ क्षण टिपण्याची सवय होती. प्रिया तेंडुलकरांची ‘रजनी’ही त्यांचीच. घरातून बाहेर पडून प्रश्न विचारणारा साधा नागरिक त्यांनी आधीच पडद्यावर आणला होता.

मालिकेच्या यशात स्वरूपाचा मोठा वाटा आहे. शरदिंदूंच्या पुष्कळ कथा लहान आहेत. एका भागाच्या वेळेत त्या फारशा न ताणता बसतात आणि मोठ्या कथांसाठी दोन भाग घेता येतात. दोन तासांच्या चित्रपटाला जे पाठलाग, गाणी आणि उपकथानके लागतात, त्यांची इथे गरज पडली नाही. खर्च बेताचा असल्याने भव्य शहर उभारता आले नाही, म्हणून कॅमेरा खोल्यांत राहिला. खोलीत राहिल्यामुळे तो माणसांच्या चेहऱ्यांवर राहिला. अखेरचे स्पष्टीकरणही छोटे झाले आणि ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत राहिला.

रजित कपूर यांचा अभिनय या चौकटीला शोभणारा होता. त्यांचा ब्योमकेश बोलण्यापेक्षा ऐकतो अधिक. तो हुशारी मिरवत नाही, समोरच्याला बोलू देतो, मध्येच एखादा निरुपद्रवी वाटणारा प्रश्न विचारतो. सत्यवती आणि अजित यांच्यासोबतच्या प्रसंगांत तो थट्टा करतो आणि स्वतःवरची थट्टा सहन करतो. गर्दीत हरवून जाईल असा हा माणूस आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा नव्या पिढीनेही ती पाहिली. चित्रणाचा दर्जा जुना झाला असला तरी ती तीन माणसे जुनी झालेली नव्हती.

तिसरा टप्पा २०१० पासूनच्या बंगाली चित्रपटांचा. अंजन दत्त यांनी ‘आदिम रिपु’वर चित्रपट केला. त्यात आबीर चटर्जी ब्योमकेश आणि शाश्वत चटर्जी अजित होते. पुढे वेगवेगळ्या निर्माते-दिग्दर्शकांनी वेगवेगळ्या कथा घेतल्या आणि एकाच वेळी ब्योमकेशच्या अनेक धारा वाहू लागल्या. ऋतुपर्ण घोष यांनी ‘चोराबालि’ या कथेवर ‘सत्यान्वेषी’ केला आणि दिग्दर्शक सुजॉय घोष यांना ब्योमकेशच्या भूमिकेत घेतले. २०१३ मध्ये तो प्रदर्शित होण्यापूर्वीच ऋतुपर्ण यांचे निधन झाले. २०१७ पासून ‘होईचोई’ या बंगाली ओटीटी वाहिनीवर, म्हणजे इंटरनेटवरून पाहायच्या वाहिनीवर, अनिर्बाण भट्टाचार्य ब्योमकेश झाले.

या लाटेत घर परत आले, ही तिची जमेची बाजू. सत्यवतीला पुष्कळ चित्रपटांत भरीव जागा मिळाली. अरिंदम शील यांच्या चित्रपटांत सोहिनी सरकार यांची सत्यवती नवऱ्यासोबत प्रवासाला जाते आणि तपासाबद्दल बोलते. शरदिंदूंनी जे ओझरते लिहिले, ते इथे विस्ताराने आले. पण मोठ्या पडद्याच्या गरजाही सोबत आल्या. ब्योमकेश हातघाईवर येऊ लागला, निसर्गरम्य स्थळे आली आणि नायकाचा दरारा वाढला. २०२३ मध्ये ‘दुर्ग रहस्य’ ही एकच कथा दोनदा आली. बिरसा दासगुप्ता यांच्या चित्रपटात देव ब्योमकेश होते, तर सृजित मुखर्जी यांच्या मालिकेत अनिर्बाण. एक लोकप्रिय चित्रपटतारा आणि एक रंगभूमीवरून आलेला नट एकाच वर्षी एकाच कथेत दिसावेत, यावरून या पात्राला असलेली मागणी कळते.

दिबाकर बॅनर्जी यांचा २०१५ चा हिंदी चित्रपट या सगळ्यांहून वेगळ्या दिशेने गेला. त्यांनी मुख्यतः ‘सत्यान्वेषी’ ही कथा घेतली आणि ती जपानी बॉम्बहल्ल्यांच्या छायेतल्या कलकत्त्यात नेली. कलकत्त्यावर जपानी विमानांचे हल्ले डिसेंबर १९४२ मध्ये सुरू झाले. मूळ कथा त्याच्या दहा वर्षे आधीची आणि एका खानावळीतल्या कोकेनच्या चोरट्या व्यापाराची आहे. बॅनर्जी यांनी त्या छोट्या गुन्ह्याला अफूचा व्यापार, चिनी टोळ्या आणि युद्धातले कारस्थान जोडले. पार्श्वभूमीला आजच्या बँडचे संगीत वापरले.

त्यांचा ब्योमकेश अजून ब्योमकेश झालेला नाही. तो नुकता महाविद्यालयातून बाहेर पडलेला, उतावळा आणि चुकणारा तरुण आहे. सुशांतसिंह राजपूत यांनी त्याची अस्वस्थता चांगली पकडली. तर्क चुकला की चेहऱ्यावर दिसते, धोका जवळ आला की शरीर आकसते. आधीच्या कोणत्याही ब्योमकेशला प्रेक्षकाने इतके घाबरलेले पाहिले नव्हते. त्याउलट धृतिमान चटर्जी यांचा ब्योमकेश आयुष्याच्या दुसऱ्या टोकावर उभा आहे. तो थकलेला आणि वयाने वाकलेला आहे. शरदिंदूंनी पात्राचे वय वाढू दिले, म्हणूनच ही दोन टोके शक्य झाली.

इतकी माहिती समोर आल्यावर मापाचा प्रश्न घेता येतो. पोशाख आणि काळ यांची अचूकता हे एक माप. ते उपयोगी आहे, पण अपुरे आहे, कारण धोतर नेमके असूनही ब्योमकेश हरवू शकतो. कथानकाशी इमान हे दुसरे माप. तेही अपुरे आहे, कारण माध्यम बदलले की कथानक बदलावेच लागते. तिसरे माप या पात्रातूनच मिळते. गुन्हेगार सापडल्यानंतर पडद्यावर काय होते, ते पाहावे.

याचे कारण असे. ब्योमकेश ज्या क्षणी एखाद्या गुन्हेगाराला सोडून देतो, त्या क्षणी तो एक गंभीर जबाबदारी स्वतःकडे घेतो. न्यायालय नाही, साक्षीपुरावा नाही, अपील नाही. एक खासगी माणूस ठरवतो की या खुनाला शिक्षा नको. आपल्याला त्याच्याबद्दल आदर वाटतो म्हणून तो निर्णय बरोबर ठरत नाही. दंगलीत होरपळलेल्या शहरात कायद्याचे हात तोकडे आहेत, हे शरदिंदू दाखवतात. तरीही मेलेल्या माणसाचा न्यायावर हक्क होता की नाही, हा प्रश्न कथेत उरतोच. वाचक पुस्तक मिटतो तेव्हा रहस्य सुटलेले असते, पण मन पूर्ण निवांत नसते.

ही अस्वस्थता टिकवायची असेल तर ब्योमकेश साध्या उंचीचा माणूस असावा लागतो. आपल्यातल्याच एकाचा निर्णय आपण तपासतो. महानायकाचा निर्णय आपण टाळ्या वाजवून स्वीकारतो. म्हणून घर महत्त्वाचे आहे. सत्यवती आणि अजित केवळ सोबतीला नाहीत. ब्योमकेशला ज्यांच्यासमोर आपला निर्णय सांगावा लागतो, अशी ती दोन माणसे आहेत. ती काढून टाकली की त्याला जाब विचारणारे कोणी उरत नाही.

या मापाने पाहिले तर ‘चिडियाखाना’ हा एका थोर दिग्दर्शकाचा दुबळा ब्योमकेश ठरतो. त्यात कौशल्य भरपूर आहे, पण घर नाही आणि घराबरोबर ते दुसरे कोडेही पुसट होते. बॅनर्जी यांचा चित्रपट धाडसी आहे आणि नायकाला चुकू देण्याचा त्याचा प्रामाणिकपणा मोलाचा आहे. मात्र त्यातले कारस्थान इतके मोठे आणि खलनायक इतका भयंकर आहे की त्याचे काय करायचे, याबद्दल दुमत राहत नाही. शहर वाचवायचे असेल तर विचाराला फुरसत नसते. बंगाली चित्रपटांनी घर परत आणले, पण त्यांतल्या काहींनी घरातल्या माणसाला पुन्हा नायकाच्या उंचीवर चढवले.

दूरदर्शनची मालिका या मापाने सर्वांत पुढे राहते आणि त्याचे श्रेय स्मरणरंजनाला देणे अन्यायाचे होईल. बासू चटर्जी यांनी कथांचे शेवट बहुतांशी आहेत तसे ठेवले. रजित कपूर यांनी निर्णय सांगताना आवाज चढवला नाही. त्यामुळे प्रेक्षकाला असहमत होण्याची जागा मिळाली. घरी बसून मालिका पाहणारी माणसे भाग संपल्यावर ‘त्याने सोडायला नको होते’ असे म्हणू शकत होती, आणि शरदिंदूंना अभिप्रेत वाचन यापेक्षा वेगळे नसावे.

आजच्या काळात याचे मोल अधिक आहे. आपल्या लोकप्रिय पडद्यावर गुन्हेगार सापडणे आणि त्याला शिक्षा होणे यांतले अंतर जवळजवळ नाहीसे झाले आहे. चकमकीत गोळी घालणारा पोलिस अधिकारी नायक ठरतो, आणि गोळी बरोबर माणसाला लागली का, हे विचारायला पटकथेत कोणी उरत नाही. ब्योमकेशही कायद्याच्या बाहेर जाऊन निर्णय घेतो. पण तो थांबून विचार करतो, दोन माणसांना आपली कारणे सांगतो आणि त्या निर्णयाचे ओझे स्वतः वाहतो. हा फरक प्रेक्षकाला दाखवणे हे चांगल्या रूपांतराचे काम आहे, कारण न्यायाबद्दलच्या आपल्या कल्पना न्यायालयापेक्षा पडद्यावरून अधिक घडतात.

ब्योमकेशचे नवे अवतार येत राहतील आणि यायलाही हवेत. प्रत्येक पिढीने आपल्या भाषेत आणि आपल्या शैलीत त्याला पुन्हा वाचावे. काळ बदलावा, शहर मोठे करावे, सत्यवतीला तपासात बरोबरीचा वाटा द्यावा, यात काहीही गैर नाही. अपेक्षा एकच आहे. खुनी कोण हे कळल्यावर चित्रपट घाईने संपवू नये. तिथे ब्योमकेशला थोडा वेळ द्यावा, अजितला आणि सत्यवतीला प्रश्न विचारू द्यावेत, आणि निर्णय पटला की नाही हे ठरवायला प्रेक्षकाला मोकळे सोडावे.